बॅकअपरावांचा बॅकअप

रविवारी सकाळी बॅकअपरावांच्या संगणकाने पोटातून टक्-टक् असा आवाज काढला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ दाखवली आणि मान टाकली.

"गेली हार्ड डिस्क," बॅकअपराव म्हणाले. घाबरले मात्र मुळीच नाहीत.

खरं तर त्यांना मनातून जरा बरंच वाटलं. बॅकअपराव हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, ते इमारतीने ठेवलं होतं. विमा कंपनीत दावे तपासून तपासून त्यांची अशी पक्की खात्री झाली होती, की जगात जे जे आहे ते ते एक दिवस जळणार, बुडणार किंवा चोरीला जाणार आहे. त्यामुळे जिन्यात कोणी भेटलं, की "काय, कसं काय?" च्या जागी ते "बॅकअप घेतलात का?" असं विचारत. वरच्या मजल्यावरच्या काकांना तर त्यांनी हाताला धरून दुकानात नेलं होतं, खिशात मावेल एवढी एक डिस्क घ्यायला लावली होती आणि आपल्या संगणकासमोर बसवून, कॉपी कशी करतात त्याचं साग्रसंगीत प्रात्यक्षिक दिलं होतं. काका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. ते सगळा वेळ डिस्क तळहातावर घेऊन तिचं वजन अजमावत बसले होते.

"अहो, संध्याकाळी धाकटी येतेय," बायको दारात चप्पल घालत म्हणाली. ती दवाखान्यात परिचारिका. रविवार असो की सोमवार, तिला सारखंच. "आईचं ते गाणं लावून द्यायचंय तिला. आहे ना नीट?"

"बॅकअप आहे."

"मी गाण्याचं विचारतेय."

"मग मी कशाचं सांगतोय?"

बायकोने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा काळ्या पडद्याकडे पाहिलं. ड्यूटीला उशीर होत होता म्हणून ती तशीच जिना उतरली.

त्या गाण्याची गोष्ट अशी, की सासूबाई एकदा दोन्ही लेकींना, म्हणजे बायकोला आणि तिच्या या धाकट्या बहिणीला, घेऊन चादरींच्या घड्या घालत होत्या आणि घालता घालता गुणगुणत होत्या. बॅकअपरावांनी नवा कॅमेरा घेतला होता, तो हाताशी होता म्हणून त्यांनी चित्रण केलं. वर्षाच्या आत सासूबाई गेल्या. त्यांचा आवाज असलेली तेवढी एकच गोष्ट जगात उरली. धाकटी लग्न होऊन लांब गेली. ती दर फोनला म्हणायची, "भाऊजी, ते गाणं पाठवा ना." भाऊजी म्हणायचे, "पाठवतो. कुठे पळून जातंय?" आता इतक्या वर्षांनी ती स्वतःच ऐकायला येत होती.

बॅकअपरावांनी नवी डिस्क आणली, जुनी काढली, नवी बसवली, आणि संगणकात मूळ प्रणाली पहिल्यापासून भरायला घेतली. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. मग ती थांबली आणि संगणकाने किल्ली मागितली. किल्ली म्हणजे पंचवीस अक्षरांचा आणि आकड्यांचा खिचडा. तो टाकल्याशिवाय पुढे पाऊल टाकू देत नाहीत.

"किल्ली आहे," बॅकअपराव स्वतःशीच म्हणाले. ती त्यांनी शहाण्या माणसासारखी 'अतिमहत्त्वाचे' नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवली होती. फाइल होती डी ड्राइव्हमध्ये. बॅकअपही तिथेच होता. सी ड्राइव्हमध्ये काम, डीमध्ये बॅकअप, अशी त्यांची शिस्त होती.

त्यांनी टेबलावर पडलेल्या जुन्या डिस्ककडे पाहिलं. मग संगणकाच्या पोटात डोकावून दुसरी डिस्क शोधली. पोटात धूळ होती आणि मुलीची हरवलेली केसांची पिन होती. दुसरी डिस्क नव्हती. ती कधीच नव्हती. एकाच डिस्कच्या मधोमध त्यांनीच कधीकाळी रेघ ओढली होती आणि एका बाजूला सी म्हटलं होतं, दुसऱ्या बाजूला डी. मग इतकी वर्षं या खिशातला रुमाल त्याच शर्टच्या त्या खिशात ठेवून आपण किती काळजी घेतो याचं कौतुक करत बसले होते.

बॅकअपराव खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. आता सांगायचं काय? बायकोला एकवेळ काहीही सांगता आलं असतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस तिथे निर्ढावतो. पण धाकटी इतक्या लांबून आईचा आवाज ऐकायला येणार, आणि आपण तिला काय ऐकवणार, टक्-टक्?

निदान संगणक तरी चालू दिसावा, असं त्यांना वाटलं. त्याने काय साधणार होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण बुडत्याला काडीचा आधार. किल्ली संगणकाच्या पेटीवरही चिकटवलेली असते, हे त्यांना आठवलं. पेटीच्या डाव्या पत्र्यावर. आणि पेटीला डावा पत्रा नव्हता.

एका उन्हाळ्यात संगणक फार तापायचा, म्हणून त्यांनीच तो पत्रा काढून आत टेबलफॅनचं वारं सोडलं होतं. पत्रा मग वरच्या काकूंनी मागून नेला होता. त्यांचं कपडे धुण्याचं मशीन पाणी पिळताना चालत चालत थेट मोरीच्या दारापर्यंत यायचं, म्हणून त्याच्या पायाखाली द्यायला.

"या या, बॅकअपराव!" काकूंनी दार उघडलं. "काय म्हणतेय मुलगी? बोर्नव्हिटा सांडायची थांबली का?"

मुलगी आता कॉलेजात होती. हे म्हातारपणाचं बोलणं समजून बॅकअपरावांनी सोडून दिलं आणि पत्र्याचं सांगितलं.

"आत्ताच लावलंय हो मशीन. चादरी आहेत. मध्येच बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं."

"मला नुसतं वाचायचंय."

मग बॅकअपराव मोरीतल्या ओल्या फरशीवर पालथे पडले. एका हातात बॅटरी, गाल फरशीला. मशीन गदागदा हलत होतं, त्याबरोबर पत्रा हलत होता, पत्र्याबरोबर अक्षरं हलत होती. ते एकेक अक्षर ओरडून सांगत होते आणि काका दारात उभे राहून कॅलेंडरच्या पाठीवर टिपून घेत होते.

"आठ की बी?"

"हलतंय हो! थांबलं की सांगतो!"

"बरं, आठ लिहितो. आणि शेवटचं?"

"शेवटच्यावर मशीनचा पाय आहे."

पाय उचलायला काकांनी मशीनला एका बाजूने खांदा दिला. वजनमापे खात्यात जन्म गेला असला तरी वजन नुसतं मोजायची सवय, पेलायची नाही. मशीन कलंडलं, मागची नळी सुटली आणि साबणाचं पाणी बॅकअपरावांच्या अंगावरून दिवाणखान्याकडे निघालं. मात्र शेवटचं अक्षर दिसलं. 'क्यू' होतं.

ओल्या कपड्यांनिशी बॅकअपराव खाली आले. आठ टाकून पाहिला, चालला नाही. बी टाकला, चालला. पट्टी पुढे सरकली, संगणक सुरू झाला, आणि म्हणाला, की यंत्राचा भाग बदललेला दिसतोय, तरी आपण आपणच आहात हे आमच्या क्रमांकावर फोन करून सिद्ध करा.

फोनवर ध्वनिमुद्रित आवाजाची बाई होती. पडद्यावरचे आकडे तिला वाचून दाखवायचे होते. बॅकअपराव वाचू लागले.

"फरशी पुसून झाली हो!" वरून काकू खिडकीतून ओरडल्या.

"माफ करा, मला समजलं नाही," बाई म्हणाली.

बॅकअपरावांनी पुन्हा वाचलं. मध्येच त्यांना शिंक आली. बाईने पुन्हा माफी मागितली. लग्न झाल्यापासून इतक्या वेळा त्यांची कोणी माफी मागितली नव्हती. शेवटी डोक्यावर पांघरूण घेऊन, हळू आवाजात त्यांनी सगळे आकडे सांगितले, तेव्हा कुठे बाईचं समाधान झालं आणि पडद्यावर आलं, 'आपली प्रणाली सक्रिय झाली आहे.'

पांघरुणातून बाहेर येऊन बॅकअपराव पाहतात तो स्वच्छ निळा पडदा. एक चित्र नाही, एक फाइल नाही. आणि दारात बायको, तिच्यामागे धाकटी.

"भाऊजी, अंगावर साबण का?" धाकटी हसत म्हणाली. मग बॅग खाली ठेवायच्याही आधी म्हणाली, "लावा ना. आधी तेच लावा. गाडीत डोळे मिटले तरी आईचा चेहरा दिसत होता, पण आवाज काही केल्या आठवेना."

बॅकअपरावांना थापा काही कमी सुचत नव्हत्या, पण त्या पोरीच्या तोंडाकडे पाहून एकही बाहेर पडेना.

"धाकटे," ते म्हणाले, "बस जरा. मी तुझा मोठा अपराध..."

तेवढ्यात उघड्या दारातून काका-काकू आत आले. काकांच्या हातात पत्रा होता. पुसून लख्ख केलेला.

"हा घ्या बाबा तुमचा..." काका म्हणत होते, पण काकूंनी त्यांना बाजूला सारलं. त्या धाकटीकडे टक लावून पाहत होत्या.

"अगंबाई! ही तर चादर ओढणारी!"

"कोण?" धाकटी म्हणाली. तिने या बाईंना जन्मात पाहिलं नव्हतं.

"तूच गं! आई घडी घालतेय आणि तू मुद्दाम ओढतेयस. किती हसतो आम्ही! केस का कापलेस? लांब छान दिसायचे."

बॅकअपरावांनी हळूच काकांकडे पाहिलं.

"काका, तुमच्याकडे ते... कुठून?"

"म्हणजे काय? तुम्हीच नाही का दिलंत?" काका म्हणाले. "ते कॉपी करायचं शिकवत होतात तेव्हा. माझ्याकडे भरायला काहीच नव्हतं, म्हणून तुमचंच सगळं माझ्या त्या डिस्कच्या डबीत भरून दाखवलंत. भरायचं कसं ते शिकवलंत, पुसायचं कसं ते नाही शिकवलं. राहिलं तसंच. टीव्हीला लावून बघतो अधूनमधून. आमच्याकडे दुसरं कोण येतंय?"

"तुमची मुलगी बोर्नव्हिटा सांडते ते मला फार आवडतं," काकू म्हणाल्या.

बायकोने आधी निळ्या पडद्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या मेलेल्या डिस्ककडे, मग साबणाने माखलेल्या नवऱ्याकडे. दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला कोणाला काय झालंय ते सांगावं लागत नाही.

"बॅकअप आहे म्हणालात ना?" ती म्हणाली.

"आहे की," बॅकअपराव पडेल आवाजात म्हणाले. "मला माहीत नव्हता, एवढंच."

सगळे वर गेले. दिवाणखान्याची फरशी अजून ओली होती, म्हणून सगळे पाय वर घेऊन बसले. काकांनी डबी टीव्हीला लावली आणि पडद्यावर सासूबाई आल्या. चादरीचं टोक हनुवटीखाली धरून गुणगुणत होत्या. धाकटीने तोंडावर पदर घेतला तो काढलाच नाही. बायकोने तिचा हात घट्ट धरला. गाणं अर्ध्यावर आलं, आणि सासूबाई थांबून थेट कॅमेऱ्याकडे पाहू लागल्या.

"जावईबापूंना म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि सोफ्यावरून काकूही त्यांच्याबरोबर, एक शब्द न चुकता म्हणाल्या, "ते खेळणं ठेवा खाली आणि एक टोक धरा. नुसतं बघत राहून काही सांभाळलं जात नाही."

दोघी बहिणी हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं. बॅकअपराव खाली मान घालून बसले होते.

"पुन्हा लावा ना," धाकटी म्हणाली.

बॅकअपराव सवयीने उठले आणि डबीकडे निघाले. काकांनी लगबगीने तिच्यावर तळहात ठेवला.

"बसा, बसा तुम्ही," ते म्हणाले. "मी लावतो. हिला तुमचा हात लागायला नको."