उसनं रक्त

चष्मेवाल्याने बायकोची शपथ घेऊन लोणी सोडलं होतं आणि रोज दुकानात चष्म्यांच्या डब्यांमागे दडवलेलं लोणी पावाला फासून तो ती शपथ मोडत होता. त्यामुळे हृदयाच्या डॉक्टरांनी रक्तातली चरबी तपासून आणायला सांगितलं, तेव्हा आपली चोरी आता उघडी पडणार, हे त्याने ओळखलं. रक्त घेणारी बाई दुकानात यायची होती. त्या सकाळी त्याने आपल्या जागी मेव्हण्याला उपाशीपोटी आणून बसवलं. मेव्हणा म्हणजे काडीपैलवान, त्याच्या अंगात चरबी असून असून असणार कुठे?

"भावोजी, हे बरं दिसतं का?" बाही वर सारत मेव्हणा म्हणाला.

"अरे, तुझ्या बहिणीच्या जिवाला तेवढीच शांती. पुण्य लागेल."

रिपोर्ट आला तो चरबीने थबथबलेला. असंच चाललं तर हृदयाच्या नळ्या तुंबतील, असं डॉक्टर म्हणाले. बायकोने डोळ्यांना पदर लावला.

"लोणी सोडूनही तुमचं हे असं! आता तेलाचा थेंब नाही."

चष्मेवाल्याच्या ताटात उकडलेला कोबी आला. मेव्हण्याने त्याला हळूच बाजूला घेतलं. "भावोजी, ते रक्त माझंच ना?"

खरं बोलायची वेळ तीच होती. पण बायको पलीकडेच भांडी लावत होती. "छे, मी नंतर माझं दिलं. तुझं टाकून दिलं," चष्मेवाला म्हणाला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

मेव्हणा निश्चिंत झाला. घरातलं लोणी वाया जाऊ नये म्हणून बहीण त्याला रोज जेवायला बोलवू लागली. "तू खा रे, तुझ्या अंगाला जरा लागू दे." तळलेले बटाटे, साय, लोण्यात परतलेली अंडी. चष्मेवाला समोर कोबी चघळत बसे. मेव्हण्याचा एकेक घास छातीत कुठे जाऊन बसतोय, ते त्याला चष्म्याशिवाय दिसे.

"पुरे कर रे," तो म्हणे.

"दुसऱ्याच्या ताटावर डोळा ठेवू नये," बायको म्हणे.

एक दिवस जिना चढून आलेला मेव्हणा दारातच बसला. छाती चोळत म्हणाला, "जरा धाप लागली. ताई, वाढ तू."

बहिणीने त्याच्यापुढे ठेवलेलं ताट चष्मेवाल्याने ओढून घेतलं.

"अहो, लाज नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला. "तो रिपोर्ट याचा आहे."

मग शपथ, डबे, पाव, सगळं एका दमात ओकून टाकलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. बायको ओरडली असती तरी परवडलं असतं. ती भावाला धरून थेट डॉक्टरांकडे घेऊन गेली. वेळेवर आलात, एवढं डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या दिल्या.

घरी आल्यावर तिने कोबी भावापुढे ठेवला आणि लोण्याबटाट्याचं ताट नवऱ्यापुढे.

"तुमच्या रक्तात काय आहे ते अजून कुणालाच ठाऊक नाही. उद्या माझ्यासमोर द्यायचं. आज खा निर्धास्त."

"खा भावोजी," मेव्हणा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

चष्मेवाल्याने घास तोंडात घातला. तो काही केल्या खाली उतरेना. शेवटी पाणी लागलं, आणि भांडं मेव्हण्यानेच पुढे केलं.