दहा हजार एकाचं गाऱ्हाणं

आमचे धाकटे भावजी मोटारीचा नंबर बघितल्याशिवाय गाडीत चढत नसत. नंबराला कशानेच भाग जात नसला, तरच चढायचे. म्हणायचे, "बिचारो एकटो आसा, तेका सोबत व्हयी." ह्या सोबतीपायी मामेबहिणीच्या लग्नाला पोचले ते पंगती उठल्यावर. पाहुण्यांनी कारण विचारलं, ते त्यांनी खरंखरं सांगितलं, आणि मी पदराआड तोंड लपवलं.

मालवणात शाळेत ते गणित शिकवायचे. आकड्यांची चौकशी माणसांसारखी करायचे. बारा म्हणजे गोतावळ्याचा. दोन, तीन, चार, सहा, सगळे घरचे. सतरा एकटा. पण त्यांचा खरा जीव दहा हजार एकावर. एकाहत्तरापर्यंतच्या सगळ्यांनी भागून बघितलं होतं म्हणे, कोणाचाच भाग गेला नाही. एवढा मोठा आकडा आणि जगात कोणी नाही! तिठ्यावर, देवळात, भेटेल त्याला सांगत सुटायचे. बाजारात मासळीवाल्या मलाच विचारायच्या, "वैनी, तुमचो दहा हजार एक बरो आसा मां?" मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

एक दिवस वर्गात मुलांना दाखवायचं म्हणून त्यांनी फळ्यावर भागाकार मांडला आणि भरात एकाहत्तराच्या पुढे गेले. त्र्याहत्तराने भाग सरळ गेला. भागाकार एकशे सदतीस, बाकी शून्य. भावजी मान खाली घालून घरी आले आणि जेवलेसुद्धा नाहीत.

"तेची माणसां होती, वैनी," म्हणाले. "मी गावभर तेका एकटो म्हणान सांगलंय."

आमच्याकडे चूक घडली की देवाला गाऱ्हाणं घालतात. गावकार देवापुढे उभा राहून सांगतो आणि जमलेली माणसं होकार भरतात. भावजींनी हट्टच धरला. गावकार त्यांच्यासोबत लहानपणी उंडारलेला. त्याने नारळ ठेवला आणि चेहरा न हलवता म्हटलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान दहा हजार एकाक एकटो म्हटल्यान. चूक पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला. बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. भावजींचे कान लालबुंद, आणि मला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

वाटेत मी त्यांना फाडफाड बोलले. एवढी लाज काढायचीच होती, तर आधीच शंभरापर्यंत का नाही बघितलं? एकाहत्तरालाच कशाला थांबलात?

 भावजी खाली बघतच म्हणाले, "वैनी, इतक्या जणांनी नाय म्हटल्यार पुढच्याक इचारूक लाज वाटता."

पूर्वी त्यांच्यासाठी मुली बघायला मीच जायचे. चार-पाच घरांतून नकार आला, आणि एक दिवस ते म्हणाले, आता पुरे. आम्ही समजलो, विक्षिप्त माणूस, लग्नच नको असेल. कोणी पुन्हा विषय काढला नाही. तेवढ्या वाटेत मला माझीच लाज वाटली.

भावजी तेव्हा पंचेचाळिशीला टेकले होते. तरी घरी पोचल्यावर मी ह्यांना म्हटलं, "उद्या कसालाक मावशीकडे जावन येवा. तिका इचारा, भावजींसाठी थंय कोण आसा काय."