अपडेट करण्याआधी विचारणे

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. संगणकाच्या बाबतीत माझ्या हातून चूक होत नाही. आमच्या ऑफिसात लिनक्स प्रणालीवर चालणारी एकशे चाळीस यंत्रं माझ्या ताब्यात आहेत आणि एकावरही एक अपडेट शिल्लक सापडणार नाही. 'अपडेट उपलब्ध' एवढं दिसलं की माझे हात शिवशिवतात. ऑफिसात मला 'ताजे' म्हणतात. मी ते कौतुक समजतो.

बाबा जाऊन सातेक महिने झाले तेव्हा मी चार दिवस आईकडे राहायला गेलो. बाबा नकाशे काढायचे. निवृत्त होताना त्यांनी खात्यानं मोडीत काढलेलं वर्कस्टेशन, म्हणजे नकाशांचा दणकट संगणक, घरी आणलं, त्यावर स्वतः लिनक्स घातलं आणि शेवटच्या आजारपणातही त्याच्यासमोर बसून काहीबाही करत राहिले. ते यंत्र अजून चालूच होतं. स्क्रीनच्या कडेला बाबांच्या कोरीव अक्षरातली चिठ्ठी होती, 'अपडेट करण्याआधी विचारणे.' आणि स्क्रीनवर सहाशे बारा अपडेट शिल्लक!

आता कुणाला विचारणार? ज्यांना विचारायचं तेच उरले नव्हते. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी काहीतरी दुरुस्त करायला घेतो. चिठ्ठी काढून खिशात टाकली आणि सुरू केलं. आई बाजारात गेली होती. पाऊण तासानं यंत्रानं विचारलं, खालील सात पॅकेजेसची, म्हणजे छोट्या प्रोग्रॅम्सची, आता गरज उरलेली नाही, काढून टाकायची का? मी यादी न वाचता हो म्हटलं. मी नुसतं काढत नाही, मुळासकट काढतो. त्यांनी स्वतःसाठी जपलेल्या नोंदीसुद्धा ठेवत नाही.

आई आली तेव्हा स्क्रीन आडवी झाली होती. ती सरळ केली तर आवाज गेला, आवाज आणला तर माउस उलटा चालायला लागला. अपडेटनंतर असं थोडंफार होतंच, असं मी आईला समजावलं. तिनं काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आई चष्मा लावून, हातात पेन्सिल घेऊन प्रिंटरसमोर उभी. काय हवंय विचारलं तर म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, प्रिंटर रुसलेला दिसतोय. लगेच चाचणीचा कागद काढून दिला. त्यावर नुसते रंगीत पट्टे. आईनं तो उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, घडी घातली आणि स्वयंपाकघरात गेली.

शनिवारी परत दहाला हजर. साडेदहा झाले. तिनं चष्मा काढून डबीत ठेवला.

"संपलं वाटतं," ती म्हणाली.

"शाई ना? आत्ता आणतो," मी म्हणालो आणि निघालोच! भर उन्हात तीन दुकानं पालथी घातली. शाई घेऊन परत आलो तर आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली. ती दिवसा कधी झोपत नाही. जेवणही तसंच झाकून ठेवलेलं.

मी बायकोला फोन केला. आधी सहाशे बारा अपडेटचा पराक्रम सांगितला, मग आईचं सांगितलं.

"आईंना कोडं येतंय ना रोजचं?" तिनं विचारलं.

"कसलं कोडं?"

"अहो, बाबांनी आजारपणात शब्दकोडी करून ठेवलीत त्यांच्यासाठी. मोठ्या अक्षरात. रोज दहा वाजता एक आपोआप छापून येतं. त्या मला फोनवर वाचून दाखवतात. तुम्ही रोज फोन केला असतात तर तुम्हालाही माहीत असतं."

फोन ठेवून मी शोधाशोध केली. कपाटात फाइल सापडली. दोनशे चौदा कागद. आडवा शब्द पाच, 'तू लपवून ठेवतेस आणि मला सापडतो तो डबा.' उभा शब्द दोन, 'माझ्या घोरण्याला तू दिलेलं नाव.' कोपऱ्यात आईनं बारीक अक्षरात भांडण केलेलं, 'घोरायचं ते घोरायचं, वर कौतुक!' सुरुवातीचे नऊ कागद मात्र कोरे होते, एक चौकोनही भरलेला नाही.

मग यंत्राच्या रोजनिशीत काढून टाकलेल्यांची यादी वाचली. सातवं नाव होतं, 'आईचं-कोडं'. बाबांनी स्वतः बांधलेलं पॅकेज. गरज उरलेली नाही म्हणे! आणि आईला वाटत होतं की बाबांचंच सांगायचं संपलं. दुसऱ्यांदा गेले ते, आणि या वेळी मी घालवले. बाबांच्या खुर्चीत बसून मी रडलो, हे ऑफिसात कुणाला सांगू नका.

बाबांच्या कंपासपेटीत एक पेनड्राइव्ह होता, त्यात पॅकेजची प्रत मिळाली. पण ती नव्या कशावरच चालेना. मग एकेक अपडेट मागे घेत बसलो. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी यंत्र जुनं करत होतो. रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना ते बसलं, आणि तेव्हा लक्षात आलं की कोडी कुठपर्यंत आली होती ती नोंदच मी पुसलीय. दोनशे पंधरा हा आकडा घालायला गेलो तेवढ्यात दहा वाजले.

प्रिंटर घरघरला. आई दारात येऊन उभी राहिली. कागद बाहेर आला. क्रमांक एक.

"आई, चुकलं माझं. हे तुझं झालेलं आहे. उद्यापासून पुढचं येईल असं करतो."

आईनं कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"नको. असंच येऊ दे," ती म्हणाली. "हे गेले त्या आठवड्यात आलं होतं हे. तेव्हा कागदावरचं काही दिसतच नव्हतं रे मला."

ती बाबांच्या खुर्चीत बसली. पेन्सिल हातात धरून कितीतरी वेळ नुसती वाचत राहिली, मग पहिला चौकोन भरला.

एकूण किती कोडी आहेत, ते मला आता माहीत आहे. आईनं विचारलेलं नाही, मी सांगितलेलं नाही.

चिठ्ठी जागच्या जागी चिकटवली आहे. हल्ली मी रोज फोन करतो. रविवारी न चुकता विचारतो, "आई, अपडेट करू का?"

"नको," ती म्हणते आणि कोड्यातला पुढचा शब्द विचारते. मला तो येत नाही.