वगदीमास्तरांची गृहभेट

मिन्या शहरातल्या आमच्या चर्चमध्ये कुणी दोन-तीन रविवार दिसलं नाही, तर घरी जाऊन विचारपूस करायची पद्धत आहे. या कामात वगदीमास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं खुद्द वगदीमास्तरांचं मत होतं. मास्तर शाळांमधले गणित तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या वहीत प्रत्येक घराचा रकाना असे: भेट दिली, प्रार्थना केली, प्रगती समाधानकारक.

"नसीफ हबीबचं नाव मला द्या, अबूना," ते आमच्या धर्मगुरूंना म्हणाले. "तीन भेटींत माणूस पहिल्या बाकावर आणून बसवतो."

नसीफ घड्याळं दुरुस्त करायचा. बायको गेल्यापासून वर्षभर त्यानं चर्चची पायरी चढली नव्हती. तिघं जण जाऊन हात हलवत परत आले होते.

"जा," अबूना म्हणाले. "पण मास्तर, फार बोलू नका. नुसते बसा त्याच्यापाशी."

मास्तरांनी मान डोलावली आणि घरी जाऊन चार पानी प्रवचन लिहून काढलं.

गुरुवारी संध्याकाळी ते निघाले. तिसरा मजला, असा पत्ता होता. आता तळमजला धरायचा की सोडायचा, या हिशेबात जन्मभर गणित तपासलेला माणूस चुकला आणि एक मजला जास्त चढला. तिथं राहायचे हाजी सब्री. त्यांना ऐकू जरा कमी येई, आणि ते सकाळपासून नळवाल्याची वाट बघत होते.

"नसीफभाऊ?" मास्तरांनी विचारलं.

"या, या. किती वाट बघायची माणसानं?"

मास्तरांना भरून आलं. आजवर कुणी त्यांची वाट बघितली नव्हती. "किती दिवस चाललंय हे?" त्यांनी विचारलं.

"दोन महिने. आधी थेंब थेंब यायचं. आता धार लागते."

"मन मोकळं करावं. आतल्या आत दाबू नये."

"मोकळं करून पाहिलं. उलट वाढलं."

"मग वरच्यावर सोपवा."

"वरच्याला सांगितलं तर तो म्हणतो, दोष तुमच्याच पाइपात आहे."

मास्तर या उत्तरावर विचार करतात तोवर हाजींनी त्यांना न्हाणीघरात नेऊन हातात पाना दिला आणि ते चहा ठेवायला वळले. न्हाणीघराच्या दारातून समोर बोळात मक्केची तसबीर दिसली, तेव्हा मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण एवढ्या आशेनं बघणाऱ्या म्हाताऱ्याला 'मी चुकून आलो' म्हणायला जीभ रेटेना. शिवाय येशूनं तर शिष्यांचे पाय धुतले होते. आपल्याला नुसता नळ आवळायचा होता.

त्यांनी पाना फिरवला. उलटा फिरवला. नळ हातात आला आणि पाणी थेट छताला लागलं.

मास्तरांनी दोन्ही हातांनी भोक दाबलं, मग पाठ लावली, मग प्रवचनाची चारी पानं कोंबली. पाणी घोटाभर झालं तेव्हा खालचा शेजारी चिंब पायजम्यात धावत आला, दाराआडचा कॉक बंद केला आणि मास्तरांकडे बघत राहिला.

"तुम्ही नळवाले?"

"नाही. मी चर्चमधून आलोय. नसीफ हबीबकडे."

"मीच तो," तो म्हणाला. "चला, दाखवतो काय केलंत ते."

हाजींनी तोवर त्यांच्या हातात फडकी दिली होती. वरचं पाणी तिघांनी मिळून काढलं. मग नसीफ मास्तरांना खाली घेऊन गेला.

खाली छत गळत होतं. बरोबर त्याखाली एक खुर्ची होती, पाठीवर बायकी शाल टाकलेली, तीही भिजलेली. नसीफनं तिला हात लावला नाही.

"वर्षभर हलवली नाही," तो म्हणाला. "मरियम गेली तशीच आहे."

मास्तरांना प्रवचनातलं एकही वाक्य आठवेना. "कुजेल हो अशानं," ते कसंबसं म्हणाले. "एका बाजूनं मी धरतो."

दोघांनी खुर्ची गच्चीत नेली. नसीफनं शाल पिळली, दोरीवर टाकली आणि तिथंच फरशीवर बसून रडला. मास्तर शेजारी बसले. कपडे अंगावर वाळेपर्यंत बसले. मग नसीफनं डोळे पुसून विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

"रेडिओ," मास्तर म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

त्या रविवारी नसीफ चर्चमध्ये आला. मास्तरांनी खिशातून वही काढली. पण नसीफ आधी अबूनांकडे गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "त्या मास्तरांकडे कुणी जातं का हो? एकटेच असतात. त्यांचं नाव मला द्या."

अबूनांनी दिलं.

गुरुवारी पाच वाजता बेल वाजली. मास्तरांनी तीनपासून कप धुऊन ठेवले होते. नसीफ दारातच म्हणाला, "काय मास्तर, कसं चाललंय?"

वीस वर्षं मास्तरांनी हाच प्रश्न घरोघरी विचारला होता आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत रकाना भरला होता.

"समाधानकारक," ते म्हणाले.

"बरं," नसीफ म्हणाला, आणि चपला काढून आत येऊन बसला.