एका शब्दात पाहुणचार

चार सुना, अकरा नातवंडं आणि एक नवरा, एवढा बारदाना आक्कांनी आयुष्यभर नुसत्या "हं!"वर हाकला होता. तेव्हा नातीची होणारी सासू इटलीहून घर बघायला येणार, याची त्यांना कसली धास्ती?

"आजी, पहिलीच भेट आहे. काही बिनसलं तर लग्न फिसकटेल! मी मध्ये बोलते ना."

"माझ्या दारातून पाहुणीला मीच आत घेणार! तू फक्त शब्द सांग."

"इंग्रजीतलं प्लीज तसं त्यांचं प्रेगो. या, बसा, घ्या, आधी तुम्ही... सगळ्याला चालतं."

"एकच? शहाणी माणसं दिसतात!"

बेल वाजली. आक्का नातीला घेऊन थेट बाहेर जिन्यापाशी गेल्या. पाहुणी त्यांच्याच वयाची, त्यांच्याच घेराची आणि तीही एकच शब्द पाठ करून आलेली!

"प्रेगो!" आक्कांनी दाराकडे हात केला.

"प्लीज!" पाहुणीनंही दाराकडेच हात केला.

पाहुण्याआधी आत शिरणं आक्कांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. यजमानिणीआधी शिरणं पाहुणीच्याही पिढ्यांत कुणी केलं नसावं.

"प्रेगो!"

"प्लीज!"

"आजी, जा ना गं तूच!" नात कळवळली.

"गप्प बस! प्रेगोऽऽ!"

एवढ्यात वारा आला आणि दार धाडकन लागलं. घरात दुसरं कुणी नाही. किल्ली आत, खिळ्याला. दूध आत, गॅसवर!

नात कुलूपवाल्याला आणायला कोपऱ्यावर पळाली. इकडे पायरीवर आधी कुणी टेकायचं यावरून पुन्हा प्रेगो-प्लीज सुरू झालं, म्हणून दोघी वीस मिनिटं खांबासारख्या उभ्याच! दूध करपल्याचा वास आला. आक्कांनी नाक दाबलं, पाहुणीनंही दाबलं, आणि दोघी अशा खिदळल्या की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

कुलूपवाल्यानं दार उघडलं. आतून धुराचा लोट आला.

"प्रेगो!"

"प्लीज!"

कुलूपवाला पेटीसकट मध्ये अडकला. त्यानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि असा काही ओरडला की दोघी एकदमच चौकटीत घुसल्या, खांद्याला खांदा घासून आत पडल्या!

लग्न ठरलं. आक्का अजून ज्याला त्याला ऐकवतात, "एका शब्दात विहीणबाईंना घरात घेतलं!"

तो शब्द "सरका!" होता आणि तो कुलूपवाल्याचा होता, एवढं मात्र त्या सांगत नाहीत.