थोरला, धाकटा आणि मधली तार

"नेट बंद पडणार? या घरात? शक्यच नाही!" जावईबापूंनी जाहीर केलं. ऑफिसचं अख्खं नेटवर्क सांभाळणारा माणूस, घरात काय कमी करणार!

दुपारी त्यांच्या बायकोची लॅपटॉपवर मुलाखत होती. मुलगी झाल्यावर सोडलेली नोकरी पुन्हा मिळायची ही पहिलीच संधी.

जावईबापूंनी कपाटावर दोन राउटर मांडले. "हा थोरला, हा धाकटा. बाहेर नेटवर जायचं दार एकच, पत्ताही एकच. थोरला दार सांभाळणार. त्याला काही झालं की धाकटा लगेच त्याच्या जागी! बदल कधी झाला, तुला कळणारसुद्धा नाही!"

मुलाखत सुरू झाली. "माझ्या आधीच्या कामात मी..." एवढ्यात पडद्यावरचे साहेब तोंड उघडं ठेवूनच थिजले. मग हलले. मग पुन्हा थिजले!

"अरे, गेलं!" बायको ओरडली.

जावईबापू कपाटाकडे धावले. बघतात तर दोन्ही राउटर ठणठणीत! दोघांचंही एकच म्हणणं, "दार माझं!" लॅपटॉप बिचारा घडीत याच्याकडे, घडीत त्याच्याकडे. आणि दोघांमधली तार गायब!

"इथली तार कुणी काढली?"

"मी," सासरे अभिमानानं म्हणाले. ते लेकीला धीर द्यायला आले होते, पण आवराआवर केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "या डब्यातून निघायची, त्या डब्यात शिरायची. पुढे कुठेच नाही! म्हटलं, बिनकामाची."

"अहो बाबा, त्या तारेवरून थोरला धाकट्याला सारखं हॅलो म्हणतो!"

"नुसतं हॅलो? दिवसभर?"

"हो! हॅलो थांबलं, धाकट्याला वाटलं थोरला गेला. बसला गादीवर!"

"आणि थोरला धडधाकट!" सासऱ्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा, म्हणजे मी भाऊबंदकी लावली की हो!"

"तार कुठाय, बाबा?"

तारेनं रद्दी बांधली होती. वर पक्की निरगाठ! एकानं गठ्ठा धरला, दुसऱ्यानं दात लावले. शेवटी गाठ सुटली, तार जोडली, धाकटा निमूट मागे सरला. जावईबापू धापा टाकत खोलीत शिरले.

"चालू झालं! बोल आता!"

बायको लॅपटॉप मिटत होती. चेहरा नुसता फुलला होता. "झालं बोलून. सोमवारपासून या म्हणाले!"

"अगं, पण नेट?"

"मोबाइलचं. तू कपाटाकडे धावलास ना, तेव्हाच जोडलं," ती गोड हसली. "बदल कधी झाला, तुला कळलंसुद्धा नाही ना?"