किटलीतला शार्क

माजी हवालदार जोतिबा यांनी फिशटँकमध्ये पहिल्या दिवशी चिमूटभर मीठ टाकले. मासा सुस्त झाला होता. समुद्रातल्या जिवाला विहिरीचे पाणी मानवत नसणार, असा त्यांचा तर्क होता. गृहीतक सोडले तर त्यात दोष काढता येत नव्हता. मासा आणखी सुस्तावला तेव्हा त्यांनी मूठभर टाकले. गुण आला नाही तर मात्रा वाढवायची, हे ते फौजेत शिकले होते.

मासा बोटाएवढा, काळा, लाल शेपटीचा. नौदलात भरती झालेल्या धाकट्या मुलाने, जयराजने, तो सांगलीहून आणला होता. विट्याजवळच्या त्यांच्या गावातली माणसे सोने गाळायला थेट आसामपर्यंत पोचली होती आणि फौजेत तर घरटी एक होता. पण समुद्राशी कोणाचा संबंध आला नव्हता. थोरला लालासाहेब फौजेतून परत आला नाही. त्यामुळे धाकट्याच्या वाटेत शार्क असतात असे कुणीतरी सांगितल्यावर लीलाबाईंनी अन्न सोडले. तेव्हा जयराजने हा टँक मांडला. "आई, शार्क म्हंजे ह्यो. आता सांग, ह्यो मला खाईल का मी ह्याला?" लीलाबाई त्या दिवशी जेवल्या.

म्हणूनच मासा मरून चालणार नव्हते.

गावात फोन नसल्याने जयराजचा फोन रविवारी सांगलीला, त्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या मुकुल सरांकडे येई. त्या रविवारी आजारी माशाला दुधाच्या किटलीत घालून नवराबायको एसटीने निघाली. किटलीत काय आहे, असे कंडक्टरने विचारले. शार्क, असे जोतिबांनी सांगितले. पुढच्या बाकावरची दोन माणसे उठून मागे जाऊन बसली.

सरांनी किटलीत बोट बुडवून जिभेला लावले. "मीठ कुणी घातलं?"

"म्या. समुद्रातला हाय न्हवं?"

सत्य सांगितल्याने कोणाचे नुकसान होत नाही, असे सरांचे मत होते. हा गोड्या पाण्यातला, रोहू-कटल्याचा भाऊबंद. पाठीवरच्या उभ्या परामुळे दुकानदार त्याला शार्क म्हणतात, एवढेच. खऱ्या शार्कच्या अंगात हाडेसुद्धा नसतात, नुसती कूर्चा असते.

"मग खरा केवढा असतोय?" जोतिबांनी विचारले.

"सगळ्यात मोठा तुमच्या एसटीहून लांब."

किटली लीलाबाईंच्या मांडीवर होती. त्यांनी तिचे झाकण लावले.

आपली चूक सरांच्या ध्यानात आली आणि ती त्यांनी काटेकोरपणे दुरुस्त करायला घेतली. तो एसटीएवढा शार्क निरुपद्रवी असतो, पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. माणसाला चावतो तो दुसरा. तो याच्या निम्माच असतो. या खुलाशावर लीलाबाईंनी झाकण आणखी घट्ट दाबले. मग सरांनी संख्याशास्त्राचा आधार घेतला. साऱ्या जगात शार्कमुळे वर्षाकाठी फार थोडी माणसे मरतात.

"थोडी," लीलाबाई म्हणाल्या. "आवं सर, लालासाहेबाच्या येळंला बी सायेब असंच म्हणालं व्हतं. लय थोडी गेली म्हणं."

जोतिबांनी झाकण उचलून पाहिले. मासा उताणा तरंगत होता. त्यांनी झाकण पुन्हा बसवले, आणि फोन वाजला.

जोतिबांनी आधी म्हशीची, मग ज्वारीची खबर दिली. नंतर किटलीकडे बघत ते म्हणाले, "त्यो? झ्याक हाय की. खातोय, पळतोय."

लीलाबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "मला रं कसलं भ्या? एवढंसं बोटाएवढं तर असतंय."

शेवटी जयराजने सरांना बोलावून घेतले. त्याने आवाज हळू केला. "सर, खरं सांगा. आईला काय कळलं न्हाई न्हवं?"

सरांनी वळून पाहिले. दोघेही त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही," सर म्हणाले.

"आणि मासा?"

"वाढलाय. इंचभर तरी."